सायकलच्या मागे थांबायला शिकवा : वाहतूक संचालकांना एका जुन्या टिप्पर चालकाचं खुलं पत्र

मा. वाहतूक संचालक, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी डिचोलीहून मयेकडे जाताना रेडीमिक्स काँक्रीटच्या ट्रकमुळे मी सायकलसकट गटारात गेलो. ट्रकनं मला धडक दिली नाही. तो माझ्या बाजूनं पुढे निघाला होता, तेवढ्यात समोरून गाडी आली म्हणून त्यानं डावीकडे घेतलं आणि मला रस्ताच उरला नाही. गुडघा सोलवटला, मनगटाला प्लास्टर पडलं, सायकलचं पुढचं चाक वाकलं. चालकानं थोडं पुढे जाऊन ट्रक उभा केला आणि धावत मागे आला. खानापूरकडचा पोरगा, पंचविशीतला. हात थरथरत होते त्याचे. म्हणाला, "काका, तुम्ही दिसलाच नाही ओ. देवाशपथ दिसला नाही."

जमलेल्यांपैकी दोघेजण त्याच्यावर हात उचलायला निघाले होते. मी त्यांना अडवलं. पोरगा खरं बोलत होता हे मला ठाऊक होतं, कारण मी स्वतः चौदा वर्षं टिप्पर चालवला आहे. त्या खुर्चीत बसल्यावर डाव्या बाजूचा किती रस्ता दिसत नाही, हे मला नीट माहीत आहे.

१९९८ ते २०१२ मी खनिजाची वाहतूक करत होतो. खाणीवर माल भरायचा, सारमानसच्या धक्क्यावर ओतायचा, रिकामं परतायचं. पुढे बार्ज तो माल मुरगावला न्यायची. पैसे खेपेवर मिळायचे. पहाटे पहिली खेप जितकी लवकर लागेल तितकी संध्याकाळी एक जास्त पडायची. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि टिप्पर दारात उभा राहिला. टायरांभोवती गवत वाढलं. शेवटी मिळेल त्या भावाला विकून टाकला. आता माझं लहानसं दुकान आहे. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून पन्नाशीनंतर पुन्हा सायकलवर बसलो. रस्ता तोच, पण मी आता दुसऱ्या बाजूला आहे. म्हणून हे पत्र.

आधी माझ्या हातून घडलेलं सांगतो. २००९ साली, पावसाळा नुकताच संपला होता. सकाळी साडेसहाला रिकामा टिप्पर घेऊन खाणीकडे निघालो होतो. पुढे एक पदेर, म्हणजे घरोघर पाव विकणारा, सायकलवरून चालला होता. मागच्या कॅरियरवर पावाचा पाटला, म्हणजे टोपला, त्यावर निळं प्लॅस्टिक, हातात तो रबरी भोंगा. मी त्याला व्यवस्थित पाहिलं होतं. बाजूनं पुढे गेलो, आणि लगेच डावीकडे खाणीचा फाटा होता म्हणून वळण घेतलं. माझ्या हिशेबानं मी त्याच्या पुढे गेलो होतो. माझी केबिन पुढे गेली होती, मागची चाकं नव्हती. आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, ती आतल्या बाजूनं कापत येतात. टिप्पर जितका लांब तितकी जास्त. आरशात मला फक्त निळं प्लॅस्टिक उडालेलं दिसलं.

देवानं वाचवलं, तो बाहेरच्या बाजूला पडला. कोपर मोडलं. पाव रस्ताभर विखुरले होते, आणि तो पडल्या जागेवरून तेच गोळा करायला बघत होता. दवाखान्याचा खर्च मी केला, तीन महिने त्याच्या भावानं पाव वाटले. त्यानं तक्रार केली नाही. आजही तो आमच्या वाड्यावर येतो, आता स्कूटरवरून. भोंगा ऐकू आला की माझ्या पोटात कालवतं. त्या दिवशी मी दारू प्यायलो नव्हतो, वेगात नव्हतो, फोनवर नव्हतो. माझ्याकडे वैध परवाना होता. वळताना मागची चाकं कुठून जातात आणि तिथे कोण असू शकतं, हे मला त्या परवान्याच्या वाटेवर कुणीच दाखवलं नव्हतं. जे शिकलो ते त्या पदेराच्या कोपरावर शिकलो.

साहेब, कायदा मी गेल्या काही महिन्यांत मुलीकडून वाचून घेतला. कागदावर कमी नाही. व्यावसायिक वाहनाचा परवाना वीस वर्षांच्या आत मिळत नाही. आधी हलक्या वाहनाच्या परवान्यावर एक वर्ष काढावं लागतं. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे तिथे शिकल्याचा दाखला, जोडावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांत अवजड वाहनासाठी किमान तीस दिवसांचं शिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान पंधरा तास सांगितले आहेत. परीक्षेत काय बघायचं त्या यादीत ओव्हरटेक करताना योग्य ती खबरदारी घेणं आहे, डावी-उजवी वळणं नीट घेणं आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत तर पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घ्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे.

पण हे सगळं तपासायचं कुठे? माझी परीक्षा एका मोकळ्या मैदानावर झाली. पुढे घे, मागे घे, थांबव, उतर. दहा मिनिटं लागली असतील. त्याला आता खूप वर्षं झाली. परवा माझ्या भाच्यानं परवाना काढला, त्याला विचारलं, तर त्याचंही वर्णन फार निराळं नव्हतं. मैदानात सायकल नसते. पदेर नसतो, पाठीवर दप्तर घेतलेली मुलगी नसते, कुंडईच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून दिवा नसलेल्या सायकलवर खोलीकडे निघालेला झारखंडचा कामगार नसतो. ओव्हरटेक करण्यासारखं काहीच जिथे नसतं, तिथे ओव्हरटेकमधली खबरदारी तपासणार कशी?

आणि एकदा परवाना हातात आला की पुढे कुणी विचारत नाही. व्यावसायिक परवाना दर पाच वर्षांनी नवा करायचा असतो. त्या वेळी डॉक्टरांचा दाखला लागतो. मुदतीत अर्ज केला तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. चालकाच्या डोळ्यांना किती दिसतं हे तपासलं जातं. तो डोळे कुठे लावतो, डावा आरसा किती वेळा बघतो, हे वीस-वीस वर्षं कुणी बघत नाही.

केबिनमधून काय दिसतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण कार किंवा स्कूटर चालवणाऱ्याला याची कल्पना येत नाही. चालक उजवीकडे बसतो, सायकलवाला रस्त्याच्या डाव्या कडेला असतो. दोघांच्या मध्ये केबिनची पूर्ण रुंदी, डावं दार आणि वर काचेचा खांब. डाव्या दाराला अगदी लागून चालणारी सायकल दरवाजाच्या पत्र्याखाली बुडते, खिडकीतून माणसाचं डोकंसुद्धा दिसत नाही. बंपरच्या डाव्या कोपऱ्यापुढेही तसंच. मोठा सपाट आरसा मागचा भाग दाखवतो, दाराखालचा नाही. त्यासाठी खाली वाकलेला गोल आरसा लागतो, आणि तो कुठल्या तरी फांदीला लागून तुटलेला असतो किंवा हादऱ्यानं फिरून आभाळ दाखवत असतो. आमच्या काळी निदान क्लीनर असायचा. वळणावर तो डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकायचा आणि दाराच्या पत्र्यावर थाप मारून थांब की चल ते सांगायचा. आमचा डावा डोळा तोच. आज कित्येक टिप्पर आणि मिक्सर एकटा चालक घेऊन धावतात. पगार वाचवण्यासाठी मालकांनी तो डोळा काढून टाकला, आणि त्याच्या जागी काही ठेवलं नाही.

आता रस्त्याच्या रुंदीचा हिशेब बघा. ट्रकची कायदेशीर कमाल रुंदी २.६ मीटर, आरसे त्याच्या बाहेर. आपले आतले कितीतरी रस्ते साडेपाच मीटरचे किंवा त्याहून अरुंद आहेत. साडेपाच मीटरवर दोन ट्रक एकमेकांना पार करतात तेव्हा ५.२ मीटर जागा त्यांचीच झाली. उरले तीस सेंटिमीटर. सायकलचं नुसतं हँडलच साठ सेंटिमीटर असतं. म्हणजे अशा रस्त्यावर समोरून मोठी गाडी येत असताना सायकलला ओलांडणं शक्यच नाही, चालक कितीही तरबेज असो. कडेपासून अर्धा मीटर सोडून सायकल चालली आहे असं धरा, तिच्या हँडलपासून दीड मीटर अंतर ठेवा, तर ट्रकची उजवी बाजू जवळजवळ पाच मीटरवर जाते. समोरचा रस्ता पूर्ण मोकळा असेल तरच हे जमतं. नसेल तर सायकलच्या मागे थांबायचं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी पूर्ण मिनिट.

हे मागे थांबणं आमच्या धंद्यात कुणी कुणाला शिकवत नाही. उलट बाजूला बसलेला उस्ताद शिकवतो की हॉर्न दे, तो आपोआप कडेला होतो. सायकलवाला कडेला होतो खरा, पण कडा कशी असते ते केबिनमधून कळत नाही. डांबराची धार तुटून हातभर खाली गेलेली असते, पावसात साईडपट्टी वाहून गेलेली असते, पलीकडे उघडं गटार. खड्ड्यात पाणी भरलं की तो खड्डा आहे हे फक्त सायकलवाल्याला माहीत असतं. म्हणून तो अचानक हातभर उजवीकडे येतो. मागच्या चालकाला वाटतं, हा वेडावाकडा चालवतोय. आणखी एक गोष्ट मला सायकलवर बसल्यावरच कळली. भरलेला ट्रक वेगात जवळून गेला की त्याची हवा आधी तुम्हाला बाहेर लोटते आणि केबिन पुढे गेल्यावर आत ओढते. ती ओढ नेमकी मागच्या चाकांकडे असते. चौदा वर्षांत मी किती जणांना तशी हवा दिली असेल, याचा विचार केला की झोप लागत नाही.

माझ्याबरोबर टिप्पर चालवणारा एक मित्र खाणी बंद पडल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये स्विंडनला गेला. तो आता तिथे मालाचा ट्रक चालवतो. त्यानं सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. तिथे पोटासाठी ट्रक किंवा बस चालवणाऱ्याला दर पाच वर्षांत ३५ तासांचं शिक्षण पुन्हा घ्यावं लागतं, कितीही जुना चालक असला तरी. सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर, ताशी ३० मैलांपेक्षा जास्त वेग असेल तर त्याहून अधिक, हे २०२२ पासून त्यांच्या रस्त्याच्या नियमावलीत लिहिलेलं आहे. लंडनमध्ये तर १२ टनांवरच्या ट्रकच्या केबिनमधून थेट किती दिसतं यावर ट्रकला तारे देतात, आणि पुरेसे तारे नसतील तर कॅमेरे आणि सेन्सर बसवल्याशिवाय शहरात फिरता येत नाही. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. तिथल्या एका अभ्यासक्रमात चालकांना अर्धा दिवस वर्गात बसवतात आणि अर्धा दिवस सायकल देऊन रस्त्यावर काढतात. मित्र म्हणाला, "अरे, लग्नानंतर पहिल्यांदा सायकलवर बसलो. मागून बस आली आणि पाय लटपटले. तेव्हापासून सायकल दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जातो."

मला गोव्यात नेमकं हेच हवं आहे.

केंद्राचे नियम बदलणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे मी जाणतो. पण ड्रायव्हिंग स्कूलला मान्यता राज्यातून मिळते, परीक्षक आपले आहेत, पंधरा तासांत काय करून घ्यायचं यावर आपली नजर राहू शकते. त्या पंधरांतला अर्धा दिवस सायकलसाठी द्या. सकाळी उभ्या ट्रकभोवती आठ-दहा ठिकाणी सायकली ठेवा आणि प्रत्येकाला चालकाच्या जागेवर बसवून विचारा, किती दिसतात? मी हा प्रयोग आमच्या वाड्यावर भाच्याच्या टिप्परवर केला. भाच्याला नऊपैकी पाच दिसल्या. खाली उतरून उरलेल्या चार बघितल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग त्यांना सायकलवर बसवा आणि मैदानातच, शिक्षकाच्या देखरेखीखाली, दीड मीटर अंतरावरून ताशी तीस किलोमीटरनं ट्रक जाऊ द्या. त्याहून जवळून न्यायची गरज पडणार नाही, तेवढ्यानंच कळतं. आणि परीक्षा मैदान सोडून रस्त्यावर घ्या. पुढे एक सायकलस्वार ठेवा, वळणांचा किलोमीटरभर रस्ता घ्या, आणि जो आंधळ्या वळणावर घाई करेल त्याला त्या दिवशी परत पाठवा.

नूतनीकरणाच्या वेळीही हा अर्धा दिवस हवा. नव्या पोरांपेक्षा आम्हा जुन्यांना त्याची गरज जास्त आहे, कारण आमच्या चुका आता सवयी झाल्या आहेत. सुरुवात आपल्या घरातून करता येईल. कदंब महामंडळाच्या बसचे चालक सरकारचेच, बालरथचे चालक सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळेच्या गाड्यांचे. यांच्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट बघावी लागेल असं मला वाटत नाही.

२०२१ च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात अवजड वाहनाचा ३८ तासांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत पुरा केला की परीक्षेतून सूट मिळते. तास वाढले हे चांगलंच झालं. पण मग जो शिकवणार तोच पास करणार. अशा केंद्राला मान्यता देताना सायकलचा हा धडा प्रत्यक्ष घेतला जातो की नुसता फळ्यावर लिहिला जातो, हे कुणीतरी न सांगता जाऊन बघायला हवं.

लहान मालवाहू गाड्यांचाही प्रश्न आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. गरीब चालकांच्या पोटाचा आणि अपघातग्रस्तांच्या विम्याचा प्रश्न त्यात होता, त्या निकालाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा अर्थ असा की भाजीचे, चिऱ्यांचे, बाटल्यांचे टेम्पो चालवणारी पोरं अवजड वाहनाच्या शिक्षणाकडे कधी येणारच नाहीत. त्यांना हे सांगायची एकच संधी आहे, हलक्या वाहनाच्या परवान्याची.

मालकांनाही यातून सोडू नका. खेपेवर पैसे असले की मागे थांबलेला प्रत्येक मिनिट चालकाच्या खिशातून जातो. मी तो हिशेब रोज केलेला आहे. २०२४ पासून डिचोली भागात खाणकाम पुन्हा सुरू झालं आहे, टिप्पर त्याच गावरस्त्यांवर परत आले आहेत. शाळा त्याच रस्त्यांवर आहेत. खनिज वाहतुकीला परवानगी देताना चालकाला रोजावर पैसे, गावातून जाताना डाव्या बाजूला दुसरा माणूस, शाबूत गोल आरसा आणि चाकांच्या मध्ये बाजूचे लोखंडी दांडे, एवढं तरी अटीत घालता येईल. ते दांडे सायकलवाला चाकाखाली जाऊ नये म्हणूनच असतात. खडबडीत जागी अडकतात म्हणून आम्ही ते काढून ठेवायचो आणि गाडीच्या फिटनेस तपासणीपुरते परत लावायचो. हे मी अभिमानानं सांगत नाही.

सायकलवाल्यांनीही दिवा लावावा, उलट दिशेनं येऊ नये, थांबलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूनं पुढे घुसू नये. हे मी आमच्या वाड्यावरच्या पोरांना सांगत असतो. पण मयेहून डिचोलीला येणाऱ्या आठवीतल्या मुलीच्या हातून चूक झाली तर तिला दुसरी संधी मिळायला हवी, आणि ती देणं दहा टन चालवणाऱ्याच्याच हातात आहे.

२०१९ पासून मिरामारला आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी स्पर्धा होते. नव्वद किलोमीटर सायकलिंगसाठी रस्ते मोकळे करून दिले जातात, पोलीस चौकाचौकांत उभे राहतात. एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. छान वाटलं. बाजूनं ट्रक जात नसताना सायकल चालवणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते तिथे दिसलं. आमच्या पदेरांचे, कामगारांचे, मुलांचे चेहरे तसे मी अजून पाहिलेले नाहीत. त्यांच्यासाठी रस्ते बंद करता येणार नाहीत, मी ते मागतही नाही.

मी मागतो आहे तो अर्धा दिवस. पहिल्या दिवसाची तयारी मी करतो. भाचा टिप्पर द्यायला तयार आहे, सायकली आमच्या वाड्यावर नऊ आहेत, गावचं मैदान पंचायतीकडून मागून घेऊ. त्या रेडीमिक्सवाल्या पोराशी माझं आता फोनवर बोलणं होतं. तो येतो म्हणाला आहे, स्वतःहून. आपण फक्त एक परीक्षक पाठवा, आणि ज्यांच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे असे दहा चालक. कुठलाही रविवार चालेल, फक्त पावसाआधीचा धरा. जूननंतर त्या मैदानात पाणी साचतं.

आपला नम्र,
एक माजी टिप्पर चालक,
डिचोली